सबा, वॅन डाइक राहणार का?



ही गोष्ट २०२५ सालच्या पेसाहची. शाळेला सुटी होती म्हणून माझा नातू चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षे अकरा. मराठी समजते, बोलताना मात्र अर्धे हिब्रू आणि अर्धे मराठी. सकाळी मी चहात मात्सा बुडवून खात बसलो होतो, तेवढ्यात तो तोंड पाडून आला आणि म्हणाला, "सबा, वॅन डाइक राहणार का?"

मला आधी वाटले, त्याच्या इमारतीतला कोणी शेजारी घर सोडून चालला आहे. मी म्हटलं, "कोण बाबा हा?" तर त्याने अशा नजरेने पाहिले की जणू मी मोशे रब्बेनू कोण असे विचारले होते! वॅन डाइक म्हणजे लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल संघाचा कर्णधार. हॉलंडचा माणूस, उंच, धिप्पाड, बचाव फळीत खेळणारा. त्याचा करार जूनअखेर संपत होता आणि नवा करार काही जाहीर होत नव्हता. माझ्या नातवाची झोप त्यामुळे उडाली होती.

मी त्याला म्हटलं, "अरे, एवढा चांगला खेळाडू आहे तर त्याचा करार आधीच का नाही वाढवला?" तो म्हणाला, "तेच तर मी विचारतोय, सबा!"

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. नातवाला बरोबर घेऊन जुन्या-नव्या बातम्या वाचल्या आणि लक्षात आले की हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मोठमोठे क्लब यात चुकले आहेत. जे समजले ते आपल्या भाषेत लिहून काढत आहे. आजोबांनी वाचावे आणि नातवंडांना समजावून सांगावे, किंवा त्याच्या उलट केले तरी चालेल.

बॅक म्हणजे घराची भिंत

आमच्या तरुणपणी मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्स कपचे सामने व्हायचे. आपल्यातल्या पुष्कळांनी ते पाहिले असतील. तेव्हा बचावपटू हा शब्द कोणी वापरत नसे. 'बॅक' म्हणायचे. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचायचे आणि बॅक बिचारा घाम पुसत एकटाच तंबूत जायचा.

बॅकचे काम घराच्या भिंतीसारखे. उभी आहे तोवर कोणी तिच्याकडे बघत नाही. पडली की मग सगळे धावत येतात. लिव्हरपूलचेच पाहा. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी वॅन डाइकला साउदॅम्प्टन क्लबकडून सुमारे साडेसात कोटी पौंडांना घेतले. जगात तोवर कुठल्याही बचावपटूसाठी एवढे पैसे कोणी मोजले नव्हते. लोक हसले. पण २०१९ मध्ये ते युरोपचे विजेते झाले आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी त्यांनी इंग्लंडची लीग जिंकली. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात वॅन डाइकच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि उरलेला हंगाम तो घरी बसला. त्याचे आणखी दोन जोडीदारही जखमी झाले. त्या हंगामात लिव्हरपूल आपल्याच मैदानावर लागोपाठ सहा सामने हरले! भिंतीची किंमत अशी कळते.

बॅकची दुसरी गोष्ट अशी की तो उशिरा पिकतो आणि जपला तर उशिरापर्यंत टिकतो. पुढे खेळणाऱ्याला वेग लागतो. बॅकलाही लागतो, पण त्याहून जास्त लागते ती नजर. चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून तिथे जाऊन उभे राहायचे, ही अक्कल वर्षानुवर्षे खेळून येते. इटलीचा पाओलो मालदिनी १९८५ पासून २००९ पर्यंत एकाच एसी मिलान क्लबसाठी खेळला आणि थांबला तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता. पण सगळेच मालदिनी नसतात. काहींचे गुडघे तिशीतच दगा देतात. तिशीच्या बॅकपुढे करार ठेवताना क्लबवाल्यांचा हात म्हणूनच थरथरतो. हा पिकत चाललाय की सुकत चाललाय, ते बाहेरून दिसत नाही.

करार संपला की काय होते?

बालमित्रांनो, आता करार म्हणजे काय ते पाहू. खेळाडू आणि क्लब ठराविक वर्षांसाठी एकमेकांना बांधून घेतात. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला तो खेळाडू हवा असेल तर पहिल्या क्लबला पैसे देऊन सोडवून घ्यावे लागते. खेळाडूचा पगार वेगळा आणि हे पैसे वेगळे.

पूर्वी युरोपात करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागू शकत असे. जाँ-मार्क बोसमन नावाचा बेल्जियमचा खेळाडू होता. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबशी असलेला करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबात जायचे होते, पण जुना क्लब सोडेना. तो कोर्टात गेला. पाच वर्षे झगडला. शेवटी १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर तिथल्या दुसऱ्या देशातल्या क्लबात मोकळेपणाने जाऊ शकतो, जुन्या क्लबला एक पैही देण्याची गरज नाही. पुढे हीच रीत सगळीकडे पसरली.

आपल्या इस्राएलच्याच दोन बॅकवरून हा फरक समजेल. १९७९ मध्ये मक्काबी तेल अवीवचा अवी कोहेन लिव्हरपूलला गेला, तेव्हा लिव्हरपूलने त्याच्यासाठी दोन लाख पौंड मोजले. त्या वेळी आम्ही किती आनंदलो होतो! मे १९८० मध्ये अॅस्टन व्हिलाविरुद्ध त्याने आधी चुकून स्वतःच्याच गोलात चेंडू घातला, मग समोरच्या गोलात घालून भरपाई केली आणि त्याच सामन्यात लिव्हरपूल लीगचे विजेते ठरले. दुसरा ताल बेन हाइम. तोही मक्काबी तेल अवीवचा. २००४ मध्ये तो बोल्टन क्लबात गेला. २००७ मध्ये त्याचा करार संपला आणि चेल्सीसारखा श्रीमंत क्लब त्याला घेऊन गेला. बोल्टनला काय मिळाले? शून्य. पुढल्याच वर्षी चेल्सीने त्याला मँचेस्टर सिटीला विकले आणि पैसे घेतले. म्हणजे झाड बोल्टनने वाढवले आणि आंबे चेल्सीने खाल्ले.

आणखी एक नियम ध्यानात ठेवा. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबशी पुढच्या हंगामासाठी उघडपणे बोलणी करू शकतो, सहीसुद्धा करू शकतो. जूनअखेर संपणाऱ्या करारात हा दिवस १ जानेवारीला येतो. त्या दिवसापासून क्लबची बाजू लंगडी पडते.

स्कॉटलंडच्या अँडी वेबस्टर या बॅकने तर याच्याही पुढची वाट दाखवली. हार्ट्स क्लबशी त्याचा चार वर्षांचा करार होता. तीन वर्षे झाल्यावर, २००६ मध्ये, जागतिक संघटनेच्या नियमातले एक कलम वापरून तो करार मोडून विगन क्लबात गेला. हार्ट्सने मोठी भरपाई मागितली. क्रीडा लवादाने २००८ मध्ये ती दीड लाख पौंडांवर आणून ठेवली. म्हणजे कागदावर एक वर्ष शिल्लक असले तरी निर्धास्त झोपायची सोय नाही.

हिशेबाच्या वहीतली गंमत

आपल्यातले जे मुंबईला कारकुनी करत होते त्यांना 'घसारा' हा शब्द माहीत असेल. यंत्र विकत घेतले की त्याची किंमत दर वर्षी थोडी थोडी वहीतून कमी करायची. फुटबॉल क्लबही खेळाडूसाठी दिलेल्या पैशांचा हिशेब असाच ठेवतात.

समजा, पाच कोटी पौंड देऊन एक बॅक पाच वर्षांच्या करारावर घेतला. दर वर्षी वहीत एक कोटी खर्च पडणार. तीन वर्षांनी दोन कोटी उरले आणि दोन वर्षे उरली. आता क्लबने करार आणखी दोन वर्षे वाढवला, तर ते दोन कोटी चार वर्षांत वाटले जातात, म्हणजे वर्षाला पन्नास लाखच. पगार वाढवून दिला तरी काही भार असा हलका होतो. आणि खेळाडू विकायची वेळ आली तर करार लांब असल्यामुळे भावही चांगला येतो. म्हणून शहाणे क्लब दोन वर्षे उरली असतानाच बोलणी सुरू करतात. एक वर्ष उरले की समोरचा गिऱ्हाईक भाव पाडतो, कारण त्याला ठाऊक असते की थोडे थांबलो तर हा माल फुकटच मिळणार आहे.

नातू म्हणाला, "मग सगळ्यांचे करार आधीच वाढवून टाकायचे ना!" मी म्हटलं, "थांब, दुसरी बाजू ऐक."

मँचेस्टर युनायटेडचा फिल जोन्स. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबने त्याचा करार २०२३ पर्यंत वाढवला. वय फक्त सव्वीस. वाटले, आता चार वर्षे चिंता नाही. पण गुडघ्याने घात केला. २०२०-२१ चा अख्खा हंगाम तो एकही सामना खेळला नाही. जवळजवळ दोन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, परत मैदानात उतरला आणि २०२३ मध्ये क्लब सोडून गेला. त्याचा यात काही दोष नव्हता, दुखणे कोणी हौसेने घेत नाही. पण क्लबला पगार शेवटपर्यंत द्यावाच लागला. लवकर सही करण्याचा हा धोका आहे.

म्हणजे लवकर केले तर दुखण्याची आणि म्हातारपणाची भीती, उशीर केला तर खेळाडू हातचा जाण्याची भीती. या दोहोंच्या मधली वेळ गाठायची असते.

बैल गेला आणि झोपा केला

उशिराची उदाहरणे पुष्कळ आहेत. लंडनचा टॉटनहॅम हा क्लब तिथल्या यहुदी लोकांचा फार वर्षांपासून आवडता. त्यांचा कर्णधार सोल कॅम्पबेल, पहाडासारखा बॅक. २००१ मध्ये त्याचा करार संपला. टॉटनहॅम त्याला ठेवून घ्यायला तयार होते, पण तो गेला, आणि गेला कुठे? शेजारच्या हाडवैरी आर्सेनलकडे, फुकटात! दुसऱ्याच वर्षी आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. टॉटनहॅमच्या लोकांनी त्याला कधी माफ केले नाही.

जर्मनीच्या बायर्न म्युनिकचे असेच झाले. डेव्हिड अलाबा त्यांच्याच तालमीत वाढलेला. २०२० मध्ये त्यांनी जर्मन लीग, जर्मन कप आणि युरोपचा कप असे तिन्ही जिंकले, त्यात तो बचावाचा खांब होता. पण पगाराची घासाघीस लांबली आणि २०२० च्या नोव्हेंबरात क्लबने आपला देकार मागे घेतला. २०२१ मध्ये तो रियाल माद्रिदला गेला. बायर्नला हस्तांतराचे काहीच मिळाले नाही. आणि त्याच उन्हाळ्यात बायर्नला दायो उपामेकानो हा दुसरा बॅक आणायला सुमारे सव्वाचार कोटी युरो मोजावे लागले.

कधी कधी तर क्लबच्या हातात काही राहतच नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने चेल्सीच्या रशियन मालकावर निर्बंध घातले आणि क्लबला नवे करार करायलाच बंदी झाली. अँटोनियो रुडिगर आणि आंद्रेयास क्रिस्टेन्सन या दोन्ही बॅकचे करार त्याच जूनमध्ये संपत होते. एक रियाल माद्रिदला गेला, दुसरा बार्सेलोनाला. दोघेही फुकट. आदल्या वर्षीच सह्या झाल्या असत्या तर? पण उद्या काय वाढून ठेवले आहे ते कोणाला दिसते?

माद्रिदचा कठोर हिशेब

आता रियाल माद्रिदची गोष्ट ऐका. ती मला विचारात टाकून गेली.

सेर्हिओ रामोस २००५ मध्ये त्यांच्याकडे आला आणि सोळा हंगाम खेळला. ६७१ सामने, १०१ गोल, २२ चषक. बॅक असून एकशे एक गोल! कर्णधारही तोच. २०२१ मध्ये तो पस्तिशीचा झाला आणि करार संपायला आला. त्या हंगामात गुडघ्याची शस्त्रक्रियाही झाली होती. क्लब म्हणाला, एक वर्ष देतो आणि पगार थोडा कमी घे. तो म्हणाला, पैशाचे सोडा, मला दोन वर्षे हवीत. असे करता करता दिवस गेले. शेवटी तो एका वर्षाला राजी झाला तेव्हा त्याला कळवण्यात आले की त्या देकाराची मुदत संपली! हे त्याने स्वतः जून २०२१ मध्ये निरोपाच्या वेळी पत्रकारांना सांगितले. देकाराला मुदत होती हे आपल्याला कोणी बोललेच नव्हते, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडे म्हण आहे, गरज सरो वैद्य मरो. ऐकल्यावर मला तीच आठवली.

पण हिशेब पाहिला तर क्लब चुकला असे म्हणता येत नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांनी तीन निर्णय घेतले. रामोसला जाऊ दिले. राफाएल वरान या दुसऱ्या बॅकच्या कराराचे एकच वर्ष उरले होते, त्याला मँचेस्टर युनायटेडला सुमारे तीन कोटी चाळीस लाख पौंडांना विकून टाकले, म्हणजे पुढल्या वर्षी तो फुकट जाण्याचा प्रश्नच मिटला. आणि अलाबाला बायर्नकडून फुकटात आणले. रामोस पॅरिसच्या क्लबात गेला, पण दुखण्यामुळे नोव्हेंबरअखेरपर्यंत एकही सामना खेळू शकला नाही. इकडे माद्रिदने मे २०२२ मध्ये अलाबा आणि मिलिताओ यांच्या जोडीवर युरोपचा कप जिंकला. अंतिम सामना कोणाविरुद्ध? वॅन डाइकच्या लिव्हरपूलविरुद्ध, एक-शून्य.

तरी नशिबाचा फेरा कोणाला चुकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अलाबाच्याही गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो वर्षाहून जास्त काळ बाहेर बसला. फुकट आणलेल्या खेळाडूचाही पगार काही फुकट नसतो.

एकेक वर्ष, किंवा वेळीच पाच वर्षे

काही क्लब मधला रस्ता काढतात. चेल्सीने पुष्कळ वर्षे रीत ठेवली होती की तिशी उलटलेल्या खेळाडूला एकेका वर्षाचीच मुदतवाढ द्यायची. त्यांचा लाडका कर्णधार जॉन टेरीसुद्धा शेवटी असाच वर्षावर्षाने खेळला आणि २०१७ मध्ये गेला. पुढे ब्राझीलचा थियागो सिल्वा २०२० मध्ये पस्तिशी उलटल्यावर आला. एकेक वर्ष करत चार हंगाम राहिला आणि २०२१ मध्ये युरोपचा कप जिंकून दिला. तब्येत पाहून पुढचे ठरवायचे, यात कोणाची फसवणूक नाही. मात्र तिशीच्या आतल्या बॅकला असे सांगाल तर तो दुसऱ्या दिवशी सामान बांधेल.

तरुणांच्या बाबतीत आर्सेनलचे उदाहरण चांगले आहे. विल्यम सलीबा या फ्रेंच मुलाला त्यांनी २०१९ मध्ये घेतले, पण तीन वेळा फ्रान्समधल्याच क्लबांकडे उसना दिला. २०२२-२३ मध्ये खेळवला तर हिरा निघाला. मार्च २०२३ मध्ये त्याची पाठ दुखावली आणि आर्सेनलची लीगमधली आघाडीही हातातून निसटली. एव्हाना त्याच्या कराराचे एकच वर्ष राहिले होते. जुलै २०२३ मध्ये घाईघाईने २०२७ पर्यंत सही झाली. पुढच्या वेळी मात्र क्लबने धडा घेतला. दोन वर्षे उरली नाहीत तोच, सप्टेंबर २०२५ मध्ये, करार २०३० पर्यंत वाढवला. माद्रिदवाल्यांचा त्याच्यावर डोळा आहे अशा बातम्या येत होत्या, त्यांना बोलणी करायचा १ जानेवारी दिसलाच नाही.

पुन्हा आमच्या घरी

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. लिव्हरपूलने वॅन डाइकचा करार याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये वाढवला होता. तो मोठ्या दुखण्यातून नुकताच उठला होता, वय तीस, आधीच्या कराराची दोन वर्षे बाकी. तेव्हा त्याच्यावर विश्वास टाकायला छाती लागली असेल. तो विश्वास फळला. मग पुढच्या वेळी उशीर का? प्रशिक्षक क्लॉप २०२४ मध्ये गेले, स्लॉट आले. खेळाडूंची खरेदी-विक्री पाहणारे अधिकारीही मधल्या काळात बदलत राहिले. घरातला कर्ता बदलला की कागदपत्रे पडून राहतात, तसे झाले असावे. आणि एकाच जूनमध्ये तीन मोठ्या खेळाडूंचे करार संपायला आले. सलाह, वॅन डाइक आणि उजव्या बाजूचा बॅक ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड.

सलाहने ११ एप्रिल २०२५ ला सही केली. त्यानंतर पेसाहच्याच आठवड्यात, १७ एप्रिलला, आमच्या स्वयंपाकघरातून किंकाळी ऐकू आली. माझी बायको घाबरून धावली. तर नातू टेबलाभोवती नाचत होता. वॅन डाइकने दोन वर्षांची सही केली होती! तेहतिसाव्या वर्षी दोन वर्षे. क्लबने तीन दिली नाहीत, एकावरही अडून बसले नाहीत.

पण मे महिन्यात दुसरी बातमी आली. ट्रेंट जाणार. सहा वर्षांचा असताना तो लिव्हरपूलच्या तालमीत आला होता, वीस वर्षे तिथेच वाढला. हिशेबाच्या वहीत त्याची खरेदी किंमत शून्य, कारण तो घरचाच. दोन वर्षे आधी विकला असता तर सगळा नफाच होता. करार वाढवला असता तर तो राहिला असता. दोन्ही झाले नाही. करार संपायच्या महिनाभर आधी एका स्पर्धेसाठी तो हवा म्हणून माद्रिदने थोडे पैसे दिले, एवढेच काय ते हाती लागले.

११ मे रोजी आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात तो मैदानात उतरला तेव्हा त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. नातवाकडे त्याच्या नावाचा लाल शर्ट होता. त्याने फोनवर विचारले, "सबा, हा शर्ट फेकून देऊ का?"

तेव्हा मी त्याला माझी एक गोष्ट सांगितली, ती इथेही लिहितो.

मी १९६९ साली या देशात आलो. एका कापड कारखान्यात फिटर म्हणून लागलो. मुंबईच्या गिरणीत शिकलेला हात होता, मागाचे दुखणे आवाजावरून ओळखायचा. पण इथे कायम नोकरी, म्हणजे आपण क्वियूत म्हणतो ती, मिळायची वेळ आली की दोनदा मला सांगितलं, "काही दिवस घरी बस, मग परत घेऊ." घरी दोन लहान पोरं, नवी भाषा. तिसऱ्या वेळी मी आधीच दुसरीकडे काम बघून ठेवलं. शेवटच्या आठवड्यात साहेब क्वियूतचा कागद घेऊन धावत आला. मी म्हटलं, "तोदा रब्बा, आता उशीर झाला." नंतर ऐकलं की माझ्या जागी त्यांना दोन माणसं घ्यावी लागली. खरंखोटं देव जाणे. पण माझ्याच बरोबरीचे काहीजण मला म्हणाले होते, "कारखान्याने तुला भाकर दिली आणि तू पाठ फिरवलीस." ते शब्द मला अजून टोचतात.

नातवाला मी म्हटलं, "बाळा, वेळेवर विचारलं नाही तर माणूस जातो. तो वाईट असतो म्हणून जात नाही. ट्रेंट का गेला ते त्यालाच ठाऊक. पण वीस वर्षे तो तिथे राबला, हेही खरंच ना?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "पण सबा, क्लबने आधी विचारायला हवं होतं की त्याने आधी सांगायला हवं होतं?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी म्हटलं, दोघांनी. दोन वर्षे हातात असतात तेव्हा कोणाचीच मान अडकलेली नसते, तेव्हा समोरासमोर बसून बोलावे. क्लबने सांगावे, आम्ही तुला एवढे मानतो. खेळाडूने सांगावे, मला एवढे हवे, नाहीतर मी जाणार. राहायचे असेल तर सही होईल, जायचे असेल तर क्लबला दोन पैसे मिळतील आणि निरोपाला लोक टाळ्या वाजवतील. शेवटच्या सहा महिन्यांत बोललात की एकजण रुसतो आणि दुसरा नागवतो.

२५ मे रोजी ट्रेंट त्या मैदानावर शेवटचा खेळला, तेव्हा मात्र लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातवाने तो लाल शर्ट फेकला नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हा मी पाहिले, रात्री झोपताना घालायला घेऊन आला होता. वर म्हणाला, "बाहेर नाही घालणार. घरात चालेल."

मला वाटते हा निवाडा अगदी योग्य आहे.